दोनशे लिटरचे सबनीस

सबनीस कुणाच्याही घरी गेले की आधी गच्चीवर जायचे. आपण दारात "या, बसा" म्हणावं, तर हा गृहस्थ चपला काढून थेट जिन्याकडे. वर गेल्यावर खिशातून होकायंत्र निघायचं, दक्षिण दिशा सापडायची आणि मग हळहळत्या सुरात खाली हाक यायची, "ऊन वाया चाललंय हो." उघडा राहिलेला नळ पाहून आपण ज्या सुरात बोलतो, अगदी त्याच सुरात.

माणसं ते चेहऱ्यानं ओळखत नसत. आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीतले नारायणराव त्यांच्या लेखी कायम 'ते उतरत्या कौलांचे' होते. माझ्याबद्दल त्यांचं मत बरं होतं, कारण आमच्या गच्चीवर सावली पडत नसे. एरवी माझ्यात चांगलं म्हणावं असं त्यांना काही सापडलं नव्हतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सबनीस मूळचे पुण्याचे, इथं बेंगळुरूत एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. निवृत्तीला काही वर्षं उरली असताना त्यांनी नोकरी सोडली आणि घरामागच्या शेडमध्ये सोलर हीटर जोडायला घेतले. सहकाऱ्यांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी जाताना डोक्याला हात लावला. सबनीस मात्र बिनघोर. "पाच-सात वर्षं थांबा. बेंगळुरूत छपरागणिक टाकी दिसेल. मार्केट आहेच, लोकांना फक्त अजून कळलेलं नाही." पलीकडच्या रस्त्यावर त्यांचा पहिला हीटर बसला तेव्हा लोकांनी विचारलं, यावर परदेशी चॅनेल किती लागतात? सबनीस शांतपणे म्हणाले, "एकच. गरम पाणी."

आमच्या गल्लीत मात्र त्यांचं घोडं आईपाशी अडलं. आमचं घराणं इथं कितीतरी पिढ्यांचं. आईच्या मराठीत कन्नड मुरलेलं, आणि न्हाणीघरात चुलीवर तिचा लाडका तांब्याचा हंडा.

"अक्का, धूर बंद, लाकडं बंद. नुसता नळ सोडायचा," सबनीस म्हणाले.

"अण्णा, उन्हानं पाणी कोमट होतंय, कडकडीत नाही. नरकचतुर्दशीला आमच्यात सहा जणांचं अभ्यंग असतंय, पहाटे. ते जमलं तर सरी. नाही तर तुमचं पेटारं काढून न्यायचं आणि माझा हंडा तुमच्या हातानं परत बसवून द्यायचा."

"सरी," सबनीस म्हणाले. 'ठीक आहे' म्हणण्यापुरतंच कन्नड त्यांना येत होतं, पण ते ठामपणे यायचं.

गल्लीतली आणखी चार घरं आईच्या निकालाकडे डोळे लावून होती. तिचं पाणी तापलं तर ती चारही हीटर घेणार. नाही तापलं तर गल्ली कायमची हातची गेली. नोकरी सोडल्यापासून एवढं काम एकदम समोर आलं नव्हतं, म्हणून सबनीसांनी आमच्या घराची चौकशी लग्नाच्या स्थळासारखी केली. माणसं किती, बादल्या किती, कोण किती वाजता उठतं. माझा धाकटा भाऊ अंघोळीत गातो हे कळल्यावर त्यांनी डायरीत नोंद केली, "गाणाऱ्याला दीड बादली जास्त." हीटर बसला. रोज पाणी छान तापू लागलं. आईला नाव ठेवायला जागा मिळेना, याचाच तिला त्रास होऊ लागला.

चतुर्दशीच्या पहाटे सबनीस मफलर गुंडाळून, निकाल ऐकायला जातीनं हजर झाले. आम्ही सहाही जण तेल लावून तयार होतो. आईनं नळ सोडला. सबनीसांनी धारेखाली बोट धरलं आणि ते तसंच धरून उभे राहिले. पाणी गारढोण होतं.

टॉर्च घेऊन ते गच्चीवर गेले. टाकी ठीक, पाइप ठीक, काचा ठीक. खाली आले ते मागच्या दारानं, आणि पडवीत थबकले. घागरी, कळश्या, पिंपं, पातेली, सगळं घासूनपुसून ओळीनं मांडलेलं, चुन्याच्या रेघा ओढलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि सगळं काठोकाठ भरलेलं.

"हे काय?"

"काल पाणी भरायचा सण नव्हता का? इकडं आदल्या संध्याकाळी सगळी भांडी भरून पूजा करतात," आई म्हणाली.

"कुठल्या नळानं भरलंत?"

"तुमच्याच. म्हटलं, घरात नवा आहे, यंदाचा मान त्याला."

म्हणजे दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळीच उपसून झालं होतं आणि रात्री टाकीत गार पाणी भरलं होतं. आईनं सोलरचा यथासांग सत्कार करून त्याला रिकामं केलं होतं.

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. सबनीसांनी डायरी काढली, टॉर्चच्या उजेडात एक ओळ लिहिली आणि म्हणाले, "अक्का, चूक माझी. सगळं विचारलं, सण विचारायचा राहिला." मग जरा थांबून, "टॉवेल घ्या. माझ्याकडे चला."

तेलानं निथळणारे आम्ही सहा जण दोन गल्ल्या ओलांडून निघालो. दुधाच्या बूथपाशी रांगेतले लोक कूपन विसरून बघत राहिले.

सबनीसांच्या घरी आम्ही त्याआधी कधीच गेलो नव्हतो, हे मला त्यांच्या दारात लक्षात आलं. ओट्यावर एक कप पालथा घातलेला, एक ताट, एक वाटी. पण न्हाणीघरातलं पाणी असं कडकडीत की आईला विसण घालावं लागलं.

"अण्णा, ऊन तेच, टाकी तेवढीच. मग तुमचं कसं राहिलं?"

"काढलं नाही की राहतं, अक्का. दोनशे लिटर आहे. मला एक बादली पुरते."

"मग एवढी मोठी कशाला बसवलीत?"

"ही होती तेव्हा बसवली. मुलगीही यायची अमेरिकेहून, नातवंडं घेऊन." ते टॉवेलाची घडी नीट करत राहिले. "नंतर छोटी बसवता आली असती. पण कुणी आलं तर कमी पडायला नको."

आम्ही सगळे न्हाऊन झाल्यावर आईनं पाट मांडला. "शर्ट काढा, बसा."

"नको अक्का, मी आपला नंतर..."

"स्वल्प गप्प बसा."

माझ्या डोक्याला लावते तसंच चोळून चोळून तिनं त्यांच्या टकलाला तेल लावलं. सबनीसांनी डोळे मिटून घेतले होते. मला तिथं उभं राहवेना. वर्षभर हा माणूस आमच्या गच्चीवर येत होता आणि मला त्यांच्या घरी एकदा जावंसं वाटलं नव्हतं, याची मला खरोखर लाज वाटली.

दुपारी त्या चार घरांना आईनं निकाल सांगितला. "पाणी कडकडीत होतं. विसण घालावं लागलं." यात खोटं एक अक्षर नव्हतं. चारही हीटर गेले, आणि पुढच्या काही वर्षांत गल्लीत टाकी नसलेली गच्ची शोधावी लागायची.

पण मला आठवतात ते त्या सकाळी न्हाऊन बाहेर आलेले सबनीस. दात वाजत होते, अंगावर काटा आलेला.

"अगबाई, गार पाण्यानं न्हालात?" आई म्हणाली.

"अर्ध्यातच संपलं," सबनीस म्हणाले. दुपारी चार हीटर खपल्याचं कळल्यावरही ते तेव्हाइतके खूश झाले नाहीत. "अक्का, टाकी संपली. ही गेल्यापासून आज पहिल्यांदा संपली."