हिप्पोकॅम्पसचे शुभेच्छुक

सायलीने आपलं पोस्टर प्रशांतमामाच्या दुकानात छापायला टाकलं, तिथेच सगळं चुकलं. मेंदूत आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा एक चिमुकला भाग असतो. त्यातली कुठली जनुकं कुठे जागी असतात आणि कुठे गप्प, याचा नकाशा तिने चार वर्षं खपून केला होता. तो उद्या पुण्याच्या परिषदेत लावायचा होता आणि पुढची शिष्यवृत्ती त्यावरच ठरणार होती.

मामाचं दुकान केडगावात, फ्लेक्सचं. वाढदिवस, नियुक्ती, निवड, सगळं तोच छापायचा. शुभेच्छुकांच्या फोटोंशिवाय एकही फ्लेक्स त्याने आजवर बाहेर सोडला नव्हता. त्यात या नकाशाची डावी बाजू चक्क पांढरी. मामाने आधी तिथे फक्त बनाआजीचा फोटो टाकला. आजी आली म्हणून आई आली, आई आली म्हणून बाबा, बाबा आले म्हणून काका. कोपऱ्यात थोडी जागा उरली, तिथे गॉगल लावून मामा स्वतः बसला.

पुण्यात गुंडाळी उघडताच सायलीला डाव्या बाजूला पाच चेहरे दिसले. तिने फोन लावला.

"मामा, तिथली जनुकं गप्प असतात, हाच माझा शोध आहे. ती जागा रिकामीच हवी होती."

"रिकामी कशी सोडायची गं? लोक म्हनतील, पोरीच्या मागं कोनी हाय का न्हाई."

नवीन छापायला वेळ नव्हता. तिने पाचही चेहऱ्यांवर कोरे कागद चिकटवले. तेवढ्यात परीक्षक बाई येऊन उभ्या राहिल्या.

"निष्कर्ष झाकून का ठेवलेत?" त्यांनी संशयाने विचारलं आणि स्वतःच कागद काढले. नऊवारीतल्या बनाआजी त्यांच्याकडे करारी नजरेने बघू लागल्या.

"हे कोण?"

"मॅडम," सायली रडवेली होऊन म्हणाली, "माझ्या मेंदूतली जनुकं यांच्याकडूनच आलीत."

बाईंनी चष्मा सावरून एकेक चेहरा नीट पाहिला. मग अर्धा तास नकाशावर खोदून खोदून प्रश्न विचारले. सायलीने एकही उत्तर चुकवलं नाही.

"काम उत्तम आहे," जाताना त्या म्हणाल्या. "पण मामाकडून जनुकं येत नसतात. काकाकडूनही नाही."

शिष्यवृत्ती मिळाली. संध्याकाळी सायलीने फोनवर मामाला सगळं सांगितलं, अगदी बाईंनी शेवटी काढलेली मामा-काकांची चूकसुद्धा.

"मग पुढच्या टायमाला माझा फोटो काढू," मामा म्हणाला. "तिथं तुझ्या आत्याला बसवू, ती लई नाराज हाय. रिकामी मातर सोडायची न्हाई."