पलंगाची खूण

काळ अनंत आहे असं जे म्हणतात, त्यांनी कधी मालट्रक चालवलेला नसतो. ट्रकवाल्याचा काळ चार प्रकारचा असतो आणि त्या चारांच्या बाहेर काळ नसतो. त्याच्या केबिनमध्ये, कपाळाच्या जरा वर, जुन्या रेडिओएवढं एक यंत्र असतं. टॅकोग्राफ त्याचं नाव. ड्रायव्हरनं आपलं कार्ड त्यात सरकवलं की ते त्याच्या आयुष्याच्या प्रत्येक मिनिटावर एक खूण उमटवतं. स्टिअरिंगचं चाक, म्हणजे गाडी चालवतोय. दोन हातोडे, म्हणजे दुसरं काही काम करतोय. तिरपी रेघ मारलेला चौकोन, म्हणजे काहीच करत नाहीये, पण करायला सांगितलं तर तयार आहे. आणि पलंग, म्हणजे विश्रांती. पाचवी खूण नाही. (लग्न, तिरपा चौकोन समजावा असं आमच्या गावातल्या काही अनुभवी मंडळींचं मत आहे. पण ते अधिकृत नाही.)

कायदा दयाळू आहे, हे आधीच सांगून टाकतो. दमलेल्या माणसानं चाळीस टनांचं धूड घेऊन कुणाच्या अंगावर जाऊ नये, एवढीच त्याची इच्छा. म्हणून साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाचे तास संपले की गाडी जिथं असेल तिथं उभी करायची, आणि आठवड्याअखेर सलग पंचेचाळीस तास पलंग. तोही केबिनमधला नव्हे, खराखुरा, चार पायांचा. जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यात सरकार माणसाला इतक्या काळजीनं झोपायला पाठवतं? आई पाठवायची, पण तिच्याकडे दंडाची तरतूद नव्हती.

गोदामवालेही दयाळूच. माल भरायला ट्रकची रांग लागली की ते ड्रायव्हरांना सुचवतात, 'पलंग दाबा, म्हणजे तेवढीच विश्रांती.' मग ड्रायव्हर पलंग दाबतो, आणि पुढची गाडी हलली की पलंगासकट पुढे सरकतो. अशा रीतीनं आमच्या खंडात दर वर्षी कोट्यवधी तासांची झोप डोळे उघडे ठेवून घेतली जाते. (आकडा माझा आहे. कमी वाटला तर वाढवून घ्यावा.)

आता केल्ड नोरबीची हकीकत.

केल्ड माझा शेजारी. आमचं हेगरूप हे गाव युटलंड नावाच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, वारा जिथं मुक्कामाला असतो तिथं. जून महिन्यातल्या एका शनिवारी केल्ड आणि वीबेके यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. अशा वेळी आमच्याकडे शेजारी आदल्या संध्याकाळी जोडप्याच्या पुढच्या दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधतात. सकाळी वाजंत्री घेऊन दारात गाणं म्हणतात. मग जोडप्यानं रात्रीच्या कपड्यांत दार उघडून दोघांनी मिळून बाहेर यायचं, अतोनात आश्चर्य झाल्याचं दाखवायचं, आणि सगळ्या गावाला नाश्ता घालायचा. कमान बांधताना आवाज कितीही झाला तरी घरातल्यांनी ऐकायचं नाही, बघायचं नाही. गाणं लिहायचं काम माझ्याकडे. गावातलं कुठलंही लग्न माझ्या यमकाशिवाय जुनं होत नाही.

याआधी, साडेबारा वर्षं झाली तेव्हाही आम्ही गेलो होतो. (साडेबाराव्या वर्षी आमच्याकडे तांब्याचं लग्न साजरं करतात. माणसाचा पंचवीस वर्षांवर भरवसा नसल्याचं हे लक्षण आहे.) त्या सकाळी वीबेके एकटीच दारात आली. केल्डचे तास परदेशातल्या कुठल्याशा थांब्यावर संपले होते आणि तो तिथं कायद्यानुसार ताजातवाना होत होता. आम्ही अर्ध्या जोडप्यासमोर पूर्ण गाणं म्हटलं. वीबेकेनं सगळ्यांना कॉफी दिली, हसली, आणि जाताना मला म्हणाली, "गाणं छान होतं हो. पुढच्या वेळी मी एकटी असले तर मी दार उघडणार नाही. या दारातून नंतर बाहेर पडेन ती बॅग घेऊनच."

ती विनोद करत नव्हती. वीबेके विनोद करते तेव्हा आधी सांगते.

म्हणून या खेपेला केल्डनं सगळं आखून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो भरलेला ट्रक घेऊन घरी येणार, पंचेचाळीस तास घरात राहणार, आणि सोमवारी पहाटे माल घेऊन निघणार. माल उशांचा होता. 'आठ तासांची गाढ झोप' असं प्रत्येक खोक्यावर छापलेलं. ग्राहकांना सोमवारी घरपोच, असं वचन होतं. पण उशांच्या गोदामात रांग लागली. केल्ड खूप वेळ पलंगावर बसून पुढे सरकला, आणि अशा तुटक पलंगानं दिवसाचं घड्याळ थांबत नाही. त्यामुळे त्याच्या हाती उरलेले तास जिथं संपले, ती जागा म्हणजे त्याचं स्वतःचं अंगण. कोठारामागे गाडी लावायला वळणार, तेवढ्यात यंत्र किंचाळलं. केल्ड शिस्तीचा माणूस. त्यानं जागच्या जागी इंजिन बंद केलं आणि पलंग दाबला.

ट्रक पुढच्या दारासमोर उभा होता. दार आणि ट्रक यांच्यात एक मांजर जाऊ शकत होतं, बारीक असेल तर.

संध्याकाळी आम्ही कमानीची मंडळी फांद्या, पांढऱ्या फिती आणि रुपेरी पंचवीसचा आकडा घेऊन पोचलो आणि थबकलो.

"हलव की बाबा," मी म्हणालो.

"कसा हलवू? पलंगावर आहे मी," केल्ड अंगणात उभ्या-उभ्या म्हणाला. "चाक फिरलं की विश्रांती मोडली. मोडली की पंचेचाळीस तास पहिल्यापासून. सोमवारचा माल गेला, माझी नोकरीही गेली."

आमच्यात आस्गर होता. तो शनिवार-रविवार बँडमध्ये तुतारी वाजवतो आणि सोमवार ते शुक्रवार महामार्गावर ट्रक अडवून हीच यंत्रं तपासतो. आज शुक्रवार होता, पण कामाची वेळ संपली होती, त्यामुळे तो माणूस होता. आम्ही एकेक उपाय त्याच्यापुढे ठेवला.

सगळ्यांनी मिळून ढकलावा? चाक फिरतं, यंत्राला कोण ढकलतं ते कळत नाही. ट्रॅक्टरनं ओढावा? तेच. कमान मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराला बांधावी? इथं मंडळींनीच नकार दिला. मागच्या दाराची कमान गावात एकदाच झाली होती, आणि त्या जोडप्यातला नवरा आता दुसऱ्या गावात दुसऱ्या बाईच्या पुढच्या दारातून ये-जा करतो. मग मी कायद्यातली ती प्रसिद्ध सवलत काढली: माणसाच्या जिवाला धोका असेल तर वेळ संपल्यावरही थोडं चालवता येतं.

"धोका कुणाला?" आस्गरनं गंभीरपणे विचारलं.

सगळ्यांनी केल्डकडे पाहिलं.

"धोका मान्य," आस्गर म्हणाला. "पण ती सवलत सुरक्षित जागी पोचण्यासाठी असते. हा तर पोचलाय."

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली. वीबेके पाठमोरी उभी राहून भांडी पुसत होती. रीतीप्रमाणे तिनं काही पाहिलेलं नव्हतं.

"मला काही ऐकू येत नाहीये," ती भांड्यांना म्हणाली. "अंगणात कुणी आहे असंही मला वाटत नाही. पण कुणी असलंच, तर त्यानं केल्डला सांगावं की बॅग कपाटाच्या वर आहे आणि मला स्टूल सापडलंय."

खिडकी बंद झाली. केल्ड ट्रकच्या पायरीवर बसला. त्याचे मोठाले हात गुडघ्यांवर रिकामे पडले होते, चाक काढून घेतल्यावर पडतात तसे. "एवढा मोठा प्रदेश पार करून आलो," तो म्हणाला, "आणि दारात अडलो."

आस्गर बराच वेळ तुतारी पुसत राहिला. मग ट्रकच्या टायरशी बोलावं तसा म्हणाला, "मिनिट ही एक लोकसभा असते. त्यात ज्या खुणेचे सेकंद जास्त, तिचं ते अख्खं मिनिट. म्हणजे पलंगावरून सुरुवात करून कुणी वीस सेकंद गाडी हलवली आणि लगेच पुन्हा पलंग दाबला, तर बहुमत पलंगाचं. मध्ये एक पूर्ण मिनिट पलंगाचं जाऊ द्यायचं, मग पुन्हा. एवढंच, की गाडी थांबली की यंत्र आपणहून हातोडे लावतं. दर खेपेला पलंग हातानं दाबावा लागतो. विसरायचं नाही." आणि तुतारी पिशवीत घालत तो पुढे म्हणाला, "मी काही बोललो नाही. मी टायर बघत होतो."

वीस सेकंद घड्याळात मोजता येतात, पण गावात कुणाच्या घड्याळावर कुणाचा विश्वास नाही. गाण्यावर आहे. माझ्या गाण्याचं एक कडवं, आमच्या म्हाताऱ्या मंडळींच्या चालीनं म्हटलं, तर बरोबर तेवढंच चालतं. ठरलं. सकाळी एक कडवं गाडी हलेल, मग एक मिनिट नुसती वाजंत्री, मग पुढचं कडवं.

शनिवारी सकाळी सगळं गाव अंगणात होतं. चार गडी कमान उभी धरून तयार. केल्ड रात्रीच्या पायजम्यावर पिवळं चकाकतं जाकीट घालून केबिनमध्ये. (जाकीट नियमात आहे. पायजमा रीतीत आहे.) आस्गरनं तुतारी ओठांना लावली, आणि आम्ही सुरू केलं:

*हिरव्या फांद्यांची कमान,*
*दोघांची उंची समान,*
*एकट्यानं जाता अपमान*
*कमानीचा.*

ट्रक एका खोलीएवढा पुढे सरकला आणि थांबला. केल्डनं पलंग दाबून आम्हाला अंगठा दाखवला. वाजंत्री वाजली. मग पुढचं कडवं, मग त्याच्या पुढचं. मी पुष्कळ लग्नांची गाणी लिहिली, पण माझ्या शब्दांनी एवढं वजन कधी हललं नव्हतं. दाराची चौकट दिसली. मग कडी दिसली. शेवटच्या कडव्याला बायकांचे आवाज जरा ओले झाले:

*चाका रे चाका, हळू वळ,*
*दारासमोरून काढ पळ,*
*वाट बघायचंही बळ*
*संपतं ना.*

दार मोकळं झालं. गड्यांनी कमान चढवली. आणि दाराची कडी आतून वाजली. केल्डनं ती ऐकली, केबिनमधून उडी मारली, मागच्या दारानं घरात घुसला. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला (स्टूल). मग दार उघडलं, आणि दोघं बाहेर आली. वीबेकेच्या हातात बॅग नव्हती. तिनं डोळे विस्फारून आश्चर्य दाखवलं, ते रीतीचं होतं. मग शेजारी पाहिलं आणि केल्डच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत नीट लावली. ते रीतीत नाही.

दिवस सुरेख गेला. साठ माणसांना ताजे पाव, चीज, कॉफी आणि ते कडू मद्य, जे फक्त सकाळीच प्यावं असा संकेत आहे. संध्याकाळी नाच.

रविवारी दुपारी आस्गर आणि मी कमान उतरवायला गेलो. केल्ड केबिनमध्ये काहीतरी आणायला चढला आणि तिथंच राहिला. मग त्याचा बारीक आवाज आला, "अरे, हातोडे."

उडी मारण्याच्या घाईत शेवटचा पलंग दाबायचा राहिला होता. पाव वाढले, भाषण केलं, सासूबाईंना घेऊन वॉल्ट्झ नाचला, बायकोला जवळ घेऊन झोपला. सगळ्यावर दोन हातोडे. यंत्राच्या मते केल्ड नोरबीनं शनिवारी सकाळपासून रविवार दुपारपर्यंत अखंड काम केलं होतं.

"घाबरू नको," आस्गर म्हणाला. "आज रविवार, मी माणूस आहे. यंत्रातून छापील चिठ्ठी काढ आणि तिच्या पाठीवर हातानं लिही, 'खूण चुकली, प्रत्यक्षात विश्रांती घेत होतो.' खाली सही. कायद्याला चालतं. उद्या उशा वेळेवर."

केल्डनं चिठ्ठी काढली, पेन उघडलं. वीबेके फांद्या गोळा करत होती.

"काय लिहितोयस?"

"की मी काल विश्रांती घेत होतो."

"काल?" वीबेके हातातल्या फांद्या न ठेवता म्हणाली. "साठ जणांचं खाणं. माझ्या आईबरोबर दोन नाच, तिचा गुडघा सांभाळत. नंतर मी रडत होते तर माझी समजूत काढलीस. माझ्यापाशी अशी विश्रांती घेतोस होय तू, पंचवीस वर्षं?"

केल्डनं पेनाकडे पाहिलं. आस्गरकडे पाहिलं. आस्गर टायर बघत होता.

केल्डनं पेनाला टोपण लावलं.

सही नाही म्हणजे हातोडे खरे. हातोडे खरे म्हणजे विश्रांती झालीच नाही. झाली नाही म्हणजे पंचेचाळीस तास पहिल्यापासून. त्यानं पलंग दाबला, खाली उतरला आणि मालकाला फोन केला. मालक काय बोलला ते इथं देता येत नाही. पण केल्डनं फोन कानापासून लांब धरला होता, आणि कोठारातली कबुतरं उडाली. केल्ड आणि वीबेके मंगळवारपर्यंत घरी राहिली. सोमवारी दोघं अंगणात बसून काही न करता दिसली. ही खूण कुठली, ते मी आस्गरला विचारलं नाही.

केल्डची नोकरी अजून आहे की नाही, ते या महिन्याच्या अखेरीस कळेल. मालक म्हणतो, उशीर चालला असता, पण ग्राहकांच्या तक्रारीचा सवाल आहे. तक्रार एकच आली. एका ग्राहकानं पाचपैकी एक चांदणी दिली आणि खाली लिहिलं, 'उशी एक दिवस उशिरा मिळाली. या लोकांना कामाची काही किंमत आहे की नुसते झोपा काढतात?'

नाव मी सांगत नाही. तुमचं तुम्हाला माहीत आहे. उशी चांगली आहे म्हणतात.

लागते ना झोप?