चारुताच्या पत्त्यांचा कौल

बाजारात मिळणारे टॅरोचे पत्ते पनवेलकरांच्या काहीही उपयोगाचे नाहीत, असं चारुता पाटणकरने एका रविवारी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. ऐकायला नवरा निनाद एकटाच होता.

"त्या पत्त्यांवर कोण? गोरे राजे, चिलखतातले घोडेस्वार. त्यांना आपलं भविष्य काय कळणार? मी माझा स्वतःचा संच काढणार. बावीस पत्ते. अस्सल पनवेली."

"काढ," निनाद म्हणाला आणि दुसरी पोळी मागितली.

ते 'काढ' तिला फार लागलं. मातीच्या दागिन्यांच्या वेळी तो 'कर' म्हणाला होता आणि सुगंधी मेणबत्त्यांच्या वेळी 'बघ'. निदान एका माणसाने आपलं काम मनापासून मानावं, एवढीच तिची इच्छा होती. पुढे तसं माणूस तिला भेटलं आणि तिथूनच सगळा घोटाळा झाला.

दोन महिने ती खपली. रथाच्या पत्त्यावर शेअर रिक्षा आली. न्यायदेवतेच्या जागी सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णकांत पार्किंगचं रजिस्टर घेऊन बसले. अडलं ते पहिल्याच पत्त्यावर. तो मूर्खाचा. त्यात एक तरुण आपल्याच नादात कड्याच्या टोकावरून पुढे पाऊल टाकत असतो. चारुताने कड्याऐवजी बंदरातला धक्का काढला आणि तरुणाऐवजी निनादला उभं केलं. खांद्याला ऑफिसची बॅग, नजर मोबाइलमध्ये, एक पाय पाण्यावर.

त्याला अर्थात तिने हा 'सम्राटा'चा पत्ता आहे असं सांगितलं होतं.

"सम्राट एका पायावर का उभा आहे?" दुसऱ्या रविवारी त्याने पाय चोळत विचारलं.

"आगेकूच करतोय. हलू नकोस."

पत्ते रंगवून झाले, फक्त खाली नावं लिहायची राहिली. तेवढ्यात ठमाबाई आली. खाडीकाठच्या करंजा गावची ठमाबाई एरवी ताजी मासळी आणायची, पण पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू असल्याने टोपलीत सुके बोंबील होते. चेहराही त्या दिवशी तसाच होता.

"काय झालं, मावशी?"

"काय सांगू बाय! नवी बोट बांधली. नारळी पुनवंला पान्यात घालायची, तं दर्याला नारळ कोन देनार यावरून दोगं पोरं बोलत नायत. दादू म्हनतो मी थोरला. काशिराम म्हनतो तांडेल मी, बोट मी हाकनार. नारळ दिल्याबिगर बोट मासळीला जायाची नाय. बोट नाय गेली तं खायाचं काय?"

"मग देवळात कौल लावा ना."

"लावला असता. पन धाकटा म्हनतो, गुरव दादूच्या बाजूचा हाय." ठमाबाईची नजर टेबलाकडे गेली. "ह्ये काय हाय?"

चारुताने सांगितलं. ठमाबाईने ऐकून घेतलं, उठून हातपाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि पत्त्यांना हात जोडले. चारुताला भरून आलं. तिच्या कलेला आजवर कुणी साधी मानही डोलावली नव्हती.

"नारळ कोनी द्यायचा, ते सांग आई," ठमाबाई पुटपुटली आणि तिने एक पत्ता ओढला.

धक्का. पाणी. निनाद.

"ह्ये तं तुमचं सायेब!"

"हो, पण त्याचा अर्थ असा असतो की..."

"त्यात अर्थ काय सांगायचा? पानी हाय, धक्का हाय, मानूस हाय. दादू नाय, काशिराम नाय. नारळ सायबांनी द्यायचा."

हा मूर्खाचा पत्ता आहे, असं सांगायला चारुताने तोंड उघडलं, आणि नेमका निनाद टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. "कुठला पत्ता निघाला?"

"सम्राट," चारुता म्हणाली.

निनाद खूश झाला. पुढचं ऐकल्यावर मात्र त्याचा रंग उतरला. द्रोणागिरीला बंदराच्या गोदामात नोकरी असली तरी तो पाण्याकडे पाठ करून डबा खायचा. खंडाळ्याचा घाट लागला की लिंबू हुंगायचा.

"मावशी, आपण दुसरा पत्ता काढू," चारुता घाईने म्हणाली.

ठमाबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू चारुताने देवळात चपला घालून पाऊल टाकलं होतं. "कौल पुन्ना मागतात का, बाय? एकदा मिळाला, मिळाला."

दोघा भावांनीही मान्य केलं. दुसऱ्याला मान मिळत नाही, यावर दोघेही समाधानी होते.

नारळी पौर्णिमेला करंज्याच्या धक्क्यावर निनाद उभा होता. डोक्यावर लाल टोपी, पोटात उलटीच्या दोन गोळ्या, खिशात लिंबू. बोटीच्या एका टोकाला दादू, दुसऱ्याला काशिराम, तोंडं विरुद्ध दिशांना. सगळे बोटीत चढले आणि चारुता ठमाबाईचा हात धरून बसली. आता काही बिनसलं, तर मावशींची दोन्ही पोरं आपल्या चित्रापायी कायमची तुटणार, हे तिला कळत होतं.

बोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा ठमाबाईने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ निनादच्या हाती दिला. तो उठला. लाट आली. त्याचा एक पाय वर गेला आणि पाण्यावर लटकला.

"धर त्याला!" दादू ओरडला.

"धरलाय! तू ती बाजू धर!" काशिराम ओरडला.

एक दंड एकाच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या. नारळ आपोआप निसटून दर्यात गेला. पाठोपाठ निनादचा सकाळचा नाश्ताही गेला.

मग काशिराम म्हणाला, "दादा, ह्यांनी तं निवद पन दिला." दादू हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना. तीन आठवड्यांनी भाऊ एकमेकांशी बोलत होते. ठमाबाई पदराने डोळे पुसत होती. चारुताच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिचा पत्ता खरा ठरला होता.

पुढच्या रविवारी दार वाजलं. करंज्याच्या चार बायका दाराबाहेर चपला काढून उभ्या होत्या. चारुताने लगबगीने टेबलावर रेशमी कापड अंथरलं, उदबत्ती लावली आणि पत्ते पिसायला घेतले.

"ते ऱ्हाऊ द्या, ताई," त्यातली एक म्हणाली. "सायेब हायेत का घरात? आमच्या पन बोटींवर भावाभावांचं वाकडं हाय. सायबांना न्यायचं हाय."

आतून निनाद आला. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

"एकेक जण बोला," तो म्हणाला. "चारू, जरा चहा टाक गं. आणि माझं लिंबू कुठे आहे?"

चारुताने पत्ते गोळा केले आणि पाच कप चहाचं आधण ठेवलं.