सासऱ्यांच्या लसणाची तपासणी

बायको महिनाभरासाठी लेकीकडे निघाली, तेव्हा तपासनीसबुवा मोठ्या रुबाबात म्हणाले, "यंदा लसूण मी लावतो." (कुणी विचारलं नव्हतं. पण रिटायर झालेल्या माणसाला विचारतं कोण?)

लसूण साधासुधा नव्हता. तो सासऱ्यांचा. ते जाऊन बारा वर्षं झाली, पण बाई दर वर्षी सगळ्यांत मोठे गड्डे बियाण्याला राखून ठेवत आणि घरात बारके खायला घालत. बाबा गेले तरी त्यांचा लसूण परसात उगवतच राहिला होता.

बाईंनी नवऱ्याकडे जरा पाहिलं आणि आतून डझनभर पाकळ्यांची पुडी आणून दिली.

"टोक वर, बूड खाली. साल सोलायची नाही. आणि एकदा लावला की हात लावायचा नाही!"

शेवटची अट जाचक होती. चौतीस वर्षं बुवांनी ऑफिसात इतरांची कामं तपासली होती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एखादी गोष्ट झाली, हे त्यांना पटतच नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पाकळी उकरली. खाली दोऱ्याएवढं मूळ! बुवा इतके हरखले की उरलेल्या अकराही उकरून पाहिल्या आणि पुन्हा नीट पुरल्या. दुसऱ्या दिवशी, मुळांनी परत माती धरली का, हे पाहायला पुन्हा उकरणं आलंच. (इतकं लक्ष त्यांनी लेकीच्या अभ्यासात कधी घातलं नव्हतं.)

फोनवर बाई विचारत, "कोंब आले का हो?"

"कार्यवाही सुरू आहे," बुवा म्हणत.

पंधराव्या दिवशी पाकळ्या बोटांत लिबलिबीत लागल्या. वास तर विचारूच नका. बुवा वाफ्याशेजारीच मटकन बसले. वडील गेले तेव्हा बाई चारचौघांत रडल्या नव्हत्या. पुढे लसूण काढताना मात्र गड्ड्यांची माती पुसता पुसता ढसाढसा रडल्या होत्या, आणि बुवा दारात नुसते उभे राहिले होते. तेव्हा काही बोलायला सुचलं नाही, आणि आता हे करून ठेवलं. स्वतःची त्यांना मनापासून लाज वाटली.

बाई परतल्या. त्यांच्या हातातली बॅगही न घेता बुवांनी फाटकातच सांगून टाकलं, "लसूण कुजला. सगळा. मी रोज उकरून बघत होतो."

"रोज?"

"कधी कधी दोनदा."

बाईंनी बॅग खाली ठेवली. "बाबांचा लसूण मी जाताना ताईकडे लावून गेले. तुम्हाला दिला तो बाजारातला."

बुवांच्या डोळ्यांत पाणीच आलं. जीव भांड्यात पडला. तो पडल्यावर मग राग आला.

"एवढाही भरवसा नव्हता, तर मला लावायला दिलास कशाला?"

"मागच्या खेपेला मी गावाला गेले," बाई चप्पल काढत म्हणाल्या, "तेव्हा रिकामपणी तुम्ही मिक्सर उघडला होता."