गोदाक्काची मुकी सुरी

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, कारण तिथले लोक फार चटकन दुखावतात, गोदाक्का नावाची एक साळू राहायची. अंगावर हे एवढाले काटे, पण स्वभावानं अगदी गरीब. तिचं एक वर्कशॉप होतं आणि वर्कशॉपात एक सीएनसी मशीन होतं.

जंगलात वीज कुठून आली, असं मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं. ऐकू आलं मला. सिंह भाषण करतो ते पटतं तुम्हांला, वीज तेवढी पटत नाही. गप्प बसा आणि ऐका.

हे मशीन म्हणजे एक मोठं टेबल. टेबलावर एक मोटर, मागेपुढे, डावीउजवीकडे आपली आपण सरकणारी. मोटरला खाली पातं लावायचं. मोटर गरगर फिरते आणि पातं लाकूड कोरत जातं. आवाज म्हणाल तर नदीपलीकडच्या म्हशी दचकतील इतका. मशीन राजाच्या मालकीचं होतं. गोदाक्काला ते वापरायला दिलेलं होतं.

त्या राज्याचा एक नियम होता. काम किती झालं ते कुणी पाहत नसे, आवाज किती झाला ते ऐकत. पाहायचं तर जवळ जावं लागतं, ऐकायला जावं लागत नाही. म्हणून हा नियम सगळ्यांच्या सोयीचा होता. तपासणीला गर्दभराव यायचे. त्यांच्या वहीत एकच रकाना होता आणि त्याचं नाव होतं 'आवाज'.

तर एके दिवशी यमुनाबाई सांबरीण धापा टाकत गोदाक्काकडे आली.

"अक्का, माझं पाडस काल दलदलीत गळ्यापर्यंत गेलं होतं. आठ जणींनी वेल बांधून ओढलं तेव्हा निघालं. वरून नुसती हिरवळ दिसते गं, पोरांना काय कळतंय? पौर्णिमेला सगळा कळप तिकडं चरायला उतरणार. काठानं चाळीस पाट्या लावून दे मला. लांबून चमकतील अशा."

सांबरांना वाचता येतं का? येतं. राजाच्या भाषणाचे कागद जंगलभर वाटले जायचे, ते वाचूनवाचून आलं. काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

चमकणारी अक्षरं म्हणजे रेडियमची. गाड्यांच्या नंबरप्लेटवर चिकटवतात ना, तो कागद. गोदाक्कानं मशीनवर रेडियम अंथरलं आणि मोटर फिरवली. रेडियम सरसरा पात्याभोवती गुंडाळलं गेलं आणि त्याचा लिंबाएवढा गोळा झाला. मग तिनं लांबच्या बाजारातून एक वेगळं पातं आणलं. ड्रॅग नाइफ म्हणतात त्याला. आपण ओढसुरी म्हणू.

ही सुरी फिरवायची नसते. मोटर बंद ठेवायची. मशीन सुरीला नुसतं ओढत नेतं, आणि सुरी मागनं येते, हातगाडीचं लहान चाक वळतं तशी आपसूक वळत. कोपरा आला की तिला जरा उचलायचं, टोकावर वळवायचं, मग पुढं न्यायचं. घाई केली की कोपरा फाटतो. गोदाक्काचे 'दलदल'मधले पहिले तीन 'द' फाटले. चौथा इतका सुरेख निघाला की तिनं तो स्वतःच्या दारावर चिकटवला. नुसता द. कुणी विचारलं तर म्हणायची, असू दे.

आणि आवाज? कागदावर नख ओढावं एवढा.

अकरा पाट्या झाल्या आणि गर्दभराव दारात उभे राहिले.

"मशीन बंद दिसतंय, बाई."

"चालू आहे, रावसाहेब. हे बघा, अक्षर कापतंय."

"मोटर फिरत नाही."

"ती फिरवायचीच नसते. ही सुरी ओढून कापते. फिरवली तर निसटून उडेल."

गर्दभरावांनी डोळे मिटले. आधी डावा कान पुढं केला, मग उजवा. मग वहीत लिहिलं, 'मशीन बंद. बाई निवांत.'

"उद्या महाराज स्वतः येणार आहेत," ते म्हणाले. "मोटर फिरली तर ठीक, नाहीतर मशीन तरसाकडे जाईल."

तरसाच्या वर्कशॉपात कामाचा पत्ता नव्हता. तो दिवसभर पत्रा बडवत बसायचा. त्याला तीन पदकं मिळाली होती.

मशीन गेलं की पाट्या गेल्या, आणि पौर्णिमा सहा दिवसांवर होती. चिखलातून बाहेर काढलेलं ते पाडस गोदाक्कानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला खरोखर भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. मागं दरबार, वर झाडांवर माकडं. गोदाक्कानं हात जोडले.

"महाराज, मोटर तेवढी नका लावू. सुरी उडेल. कुणाला तरी लागेल."

"आम्ही सुरू करायला आलोय," सिंह म्हणाला, "आणि तू बंद ठेवायला सांगतेस?"

त्यानं हिरवं बटण दाबलं.

क्षणभर सगळं छान झालं. मोटर अशी काही गरजली की गर्दभरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते 'अपूर्व' हा शब्द लिहीत असतानाच सुरी निसटली, महाराजांच्या उजव्या कानावरून गेली आणि समोरच्या सागात रुतली. जाताना अर्धी आयाळ घेऊन गेली. रेडियमचा एक तुकडा उडाला तो महाराजांच्या नाकावर चिकटला आणि उन्हात चमकायला लागला.

माकडांनी एकमेकांची तोंडं दाबून धरली.

चौकशी तिथंच झाली. गर्दभरावांनी निकाल वाचला. मोटरचा दोष नाही, तिनं भरपूर आवाज दिला. बटणाचा दोष नाही, ते महाराजांनी दाबलं होतं. दोष सुरीचा. एवढ्या जवळून गेली, पण येताना एक शब्द बोलली नाही. सबब, सुरीला हद्दपार करण्यात येत आहे. आजचा आवाज नदीपलीकडे ऐकू गेल्यामुळे गोदाक्काला पदक देण्यात येत आहे आणि मशीन तिच्याकडेच राहील.

त्या दिवसापासून दरबारात अर्धी आयाळ ठेवायची पद्धत पडली. ज्यांना आयाळच नव्हती त्यांनी अर्धी बाहेरून आणून लावली.

सगळे गेल्यावर यमुनाबाई आली. "अक्का, पाट्यांचं काय?"

"मला पदक मिळालं," गोदाक्का म्हणाली आणि तिला रडूच आलं. यमुनाबाई बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली. काट्यांमुळे पाठीवरून हात फिरवता येत नव्हता, म्हणून नुसतीच बसली.

रडून झाल्यावर गोदाक्कानं नाक पुसलं आणि कोपऱ्यातल्या भुसा ओढायच्या मोठ्या पंख्याकडे पाहिलं. त्या दिवशी भुसा नव्हताच. तिनं उगीचच पंखा लावला. तोंडाशी एक सैल पत्रा बांधला. असा काही खडखडाट सुरू झाला की तरस आपला पत्रा थांबवून ऐकत राहिला.

मग ती सागाकडे गेली. हद्दपार झालेली सुरी खोडातच होती. हुकूम निघाला होता, पण सुरी न्यायला कुणी आलं नव्हतं. तिनं ती उपटली, पुसली आणि बंद मोटरला परत लावली.

पुढचे पाच दिवस गोदाक्का दाराला कडी घालून, खिडकीला पोतं लावून काम करत होती. बाहेर पंख्याचा खडखडाट आकाशपाताळ एक करत होता, आत सुरी गुपचूप अक्षरं कापत होती. जरा चाहूल लागली की ती सुरीवर पदर टाकायची आणि पंख्याकडे कौतुकानं बघत उभी राहायची. गर्दभराव रोज रस्त्यावरूनच ऐकून जात. वहीत 'उत्तम' लिहीत.

पौर्णिमेला चाळीस पाट्या काठावर उभ्या होत्या. कळप उतरला. सगळ्यांत पुढं यमुनाबाईचं पाडस होतं. ते थांबलं, बोट ठेवल्यासारखं एकेक अक्षर त्यानं वाचलं, आणि मुकाट मागं फिरलं.

महाराजांपर्यंत बातमी गेली. ते दलदलीशी आले, पाट्या पाहिल्या.

"ह्या कशानं झाल्या?" त्यांनी विचारलं.

"आवाजानं, महाराज," गर्दभराव म्हणाले. "पंख्याच्या."

महाराज खूश झाले. तिथल्या तिथं हुकूम निघाला की प्रत्येक वर्कशॉपात रिकामा पंखा दिवसभर चालू ठेवावा. टेबलावर काम असलंच पाहिजे असं नाही. गोदाक्काला पुढं बोलावून दुसरं पदक दिलं आणि आणखी काय हवं ते माग म्हणाले.

गोदाक्कानं खाली मान घातली.

"अजून एक पंखा द्या, महाराज. याहून मोठा."

"तो कशाला?"

"पुढचं काम मोठं आहे," गोदाक्का म्हणाली.

तात्पर्य: चांगलं काम करताना कधी सापडू नये. काहीच करत नसाल, तर मात्र खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात.