शिफारसपत्र बेपत्ता

"मला कोणी मामा बनवू शकत नाही, कारण मी आधीच मामा आहे." गुप्तहेर म्हणून स्वतःची ओळख करून देताना मामाचं हे पहिलं वाक्य. पुढचंही मला पाठ आहे. "नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची, आणि बुटाचा चिखल पाहून माणूस कुठून आला ते सांगतो." हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधतो. मी मातीवर पीएचडी करते आणि सुट्टीच्या दिवशी त्याची बिनपगारी साहाय्यक असते. बिनपगारीची सवय पीएचडीनंच लावली आहे.

त्या दिवशी मात्र अशील मीच होते. संशोधन शिष्यवृत्तीचा अर्ज पाच वाजेपर्यंत द्यायचा होता, आणि वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी. सगळे कागद तयार होते, फक्त मार्गदर्शक सरांचं शिफारसपत्र नव्हतं. महिन्यापूर्वी मागितलं तेव्हा सर म्हणाले होते, "हो हो, होऊन जाईल." आता सर शेजारच्या खोलीत बैठकीला बसलेले, आणि विभागात पत्राचा कुठेही पत्ता नाही.

तीन वाजता मामा भिंग घेऊन हजर झाला. "सरळ चोरी आहे. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्या पोराची वृत्ती मला ठीक दिसत नाही. त्यालाही हीच शिष्यवृत्ती हवी असणार."

"मामा, त्याला ती गेल्या वर्षीच मिळाली."

"म्हणजे सराईत आहे."

मग सरांच्या टेबलावर धुळीत एक स्वच्छ चौकोन सापडला. पाकीट इथेच होतं, असं मामानं जाहीर केलं. तिथे सरांचा डबा असतो, हे मी सांगितलं. मामानं डब्यावर संशय घेतला.

साडेचारला शिपाईमावशी पाण्याचा जग घेऊन आल्या. "कसलं पत्र शोधताय?"

"सरांनी लिहिलेलं शिफारसपत्र."

मावशींनी जग खाली ठेवला. "अगं, बावीस वर्षं झाली मला इथे. सर कधी पत्र लिहितात होय? ज्याचं त्यानं लिहून आणायचं, सर सही करतात. कालच विचारत होते, ती मुलगी पत्र घेऊन का येत नाही म्हणून."

महिनाभर सर माझी वाट पाहत होते, आणि मी सरांची. पत्र चोरीला गेलं नव्हतं, ते जन्मालाच आलं नव्हतं.

मी संगणकासमोर बसले. 'ही विद्यार्थिनी' एवढं लिहिलं आणि अडले. चार वर्षं मातीत हात घातले होते, पण स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य लिहवेना. मला रडूच आलं.

"सरक," मामा म्हणाला. "हा माझा प्रांत आहे."

बारा मिनिटांत पत्र तयार. सरांनी बैठकीच्या दारातच, न वाचता, सही केली. वाचायला वेळ मलाही नव्हता. चार अठ्ठावन्नला अर्ज गेला.

मुलाखतीत अध्यक्षांनी ते पत्र उचललं. "तुमचे सर लिहितात, नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची, आणि बुटाचा चिखल पाहून माणूस कुठून आला ते सांगते." त्यांनी टेबलाबाहेर पाय काढला. "सांगा."

मामाला मनातल्या मनात चार शिव्या घालून मी वाकले. "करडी चिकणमाती आहे, सर. ही खालच्या थरातली. घराचा पाया खणताय का? पाणी लागलं असेल."

"कालच लागलं," अध्यक्ष म्हणाले, आणि पाय आत घेतला.

शिष्यवृत्ती मिळाली. सरांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "मिळणारच होती. पत्र मी लिहिलं होतं ना."

हे मामाला सांगितलं. त्यानं शांतपणे आपली वही काढली. या प्रकरणात 'चोर' हा रकाना अजून रिकामाच होता. तिथे त्यानं लिहिलं, 'सर'.