मरून रंगाच्या वायरी

गाडीचा हॉर्न मुका झाला तेव्हा मास्तर घाबरले नाहीत. उलट त्यांनी बाह्या वर सारल्या. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिलाईचे. मापाची टेप गळ्यात नसली तर उघडंवाघडं वाटणाऱ्या जातीचे. गाडी त्यांच्या वडिलांची. तिच्यात बसून वडिलांनी अर्ध्या गावाला कपडे पोचवले होते. ती आता म्हातारी झाली होती, एवढाच काय तो तिचा दोष.

तो दोष सरकारी तपासणी केंद्रालाही ठाऊक होता. आठवड्याभरात तपासणी होती, आणि बायकोने निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं.

"पास झाली तर राहील. नापास झाली तर सरळ भंगारवाल्याकडे. दर महिन्याला हिची दुखणी काढायला मी काही नर्स नाही."

"नापास कशी होईल? मी आहे ना," मास्तर म्हणाले.

"तीच तर काळजी आहे."

मास्तरांनी ते ऐकून सोडून दिलं. बॅटरीची तार काढली, डॅशबोर्डखालचं झाकण उघडलं आणि टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. आत लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या वायरींचा नुसता गुंता. त्यांचा जीव कासावीस झाला. एका सदऱ्याला चार रंगांचा दोरा घालणारा शिंपी त्यांनी आयुष्यात दारात उभा करून घेतला नसता. शिवाय वायरी जागोजागी कडक होऊन तडकलेल्या. हॉर्न मुका झाला तो उगाच नव्हे. एक बदलायची तर सगळ्याच का नकोत? सीट कव्हर त्यांनी स्वतः मरून रंगाची शिवली होती, त्यांना शोभेलशी मरून वायर त्यांनी आणली. जुन्या वायरी कचाकचा कापल्या, नव्या मापाने बेतल्या, टोकं काळ्या टेपने इतकी सुबक गुंडाळली की उलटी बाजू कुठली ते कळू नये.

काम देखणं झालं होतं, यात शंका नाही. फक्त कुठली वायर कुठून आली होती, हे सांगायला आता कुठलाच रंग शिल्लक नव्हता.

पहिल्याच फेरीत ते उघड झालं. रस्त्यात एक सायकलवाला आडवा आला म्हणून मास्तरांनी हॉर्न दाबला, तर कोरड्या काचेवर वायपर नाचू लागले. वायपर बंद करावेत म्हणून त्यांचं बटण फिरवलं, तर डावा इंडिकेटर लुकलुकू लागला. इंडिकेटरची दांडी ओढली, तर भर दुपारी हेडलाइट लागले. आणि हेडलाइटचा खटका दाबला तेव्हा हॉर्न जो सुरू झाला, तो खटका परत वर करायचं सुचेपर्यंत गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या.

"अहो, कुणी गेलं का?" समोरच्या आजींनी विचारलं.

"अजून नाही," बायको म्हणाली आणि मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण लावलं.

"मास्तर, फिनिशिंग झकास आहे. पण सगळ्या एकाच रंगाच्या? हे मी सोडवत बसलो तर तुमची तपासणी पुढच्या वर्षी होईल."

त्या दिवशी बायकोने त्यांना कात्रीवर हात ठेवायला लावून शपथ घातली, की यापुढे गाडीच्या एकाही वायरला हात लावणार नाही. मास्तरांनी हात ठेवला. तेव्हापासून ते खिडकीतून हात बाहेर काढून वळू लागले. बायको मात्र रोज दुपारी फडकं घेऊन गाडी पुसायला जाऊ लागली. भंगारात द्यायची तर स्वच्छ तरी द्यावी, असं तिचं म्हणणं होतं. मास्तरांना त्या पुसण्याचं फार वाईट वाटे. माणसाला शेवटची आंघोळ घालतात तसं वाटे.

तपासणीच्या दिवशी पहाटे त्यांना झोप येईना. वडिलांची गाडी भंगारात जाणार, आणि तीही आपल्या सुबकपणामुळे. शपथेचं काय, कात्री दुसरी आणता येईल. बायको उठायच्या आत ते गाडीत शिरले. या वेळी घाई केली नाही. एकेक वायर जोडायची, चाचपून बघायची, चुकली की सोडायची, आणि बरोबर लागली की तिला खुणेचं एक वेगळं बटण शिवून टाकायचं. बटणं दुकानात हाताला लागतील ती घेतली. हॉर्न तेवढा हळूच वाजवून पाहिला. उजाडेपर्यंत दांडी दांडीसारखी वागत होती आणि खटका खटक्यासारखा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शपथ मोडल्याचं कळू नये म्हणून केंद्रापर्यंत ते मुकाट्याने हात बाहेर काढूनच वळले.

केंद्रातला तपासनीस हातात कागद लावलेली फळी धरून गाडीपुढे उभा राहिला. "मालक, तुम्ही इकडे या, सही करा. बाई, तुम्ही स्टिअरिंगवर बसा. मी सांगेन ते चालू करा."

मास्तरांनी निर्धास्तपणे सही केली. बायको बसली. शाळेतल्या हुशार मुलीसारखी ताठ.

"हेडलाइट."

डावा इंडिकेटर लुकलुकला.

तपासनीसाने चष्मा सारखा केला. "हॉर्न."

हेडलाइट लागले. तेही अगदी ठामपणे.

"इंडिकेटर?"

वायपर नाचू लागले. तपासनीस काचेजवळ वाकला आणि म्हणाला, "बरं, मग हे वायपर..." तेवढ्यात हॉर्न त्याच्या कानाशी असा वाजला की फळी खाली पडली.

आता मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. रोज दुपारचं ते पुसणं. ते खिडकीकडे धावले.

"अगं, जे लिहिलंय तेच दाब."

"तुम्ही हात लावलात वायरींना?"

"तू पाठ केलंस सगळं?"

"रोज दुपारी. डोळे मिटून येत होतं मला."

तपासनीसाने बाईंना उतरवलं आणि स्वतः आत बसला. एकेक बटण दाबून पाहिलं. सगळं जागच्या जागी. त्याने फळीवर खूण केली.

"गाडी पास. बाईंना तेवढं चालवायला शिकवा."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना गाडी चालवायला तिनेच शिकवलं होतं.

परतताना मग मास्तरांनी विचारलंच. "तुला तर भंगारात द्यायची होती ना?"

"द्यायचीच आहे. पण तुमचं तोंड बघवलं नसतं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

वळण आलं. मास्तरांनी ऐटीत दांडी ओढली, इंडिकेटर लुकलुकला. दोघांचेही हात सवयीने दोन खिडक्यांतून बाहेर गेले होते.

संध्याकाळी ती दुकानात गिऱ्हाइकांचे तयार कपडे तपासायला बसली. एक कोट उचलला, उलटसुलट केला.

"अहो, या कोटाचं एक बटण?"

"हॉर्नला आहे," मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

"आणि या फ्रॉकचं?"

"इंडिकेटरला."

"ही बंडी?"

"वायपर. आणि ती खालची पँट बघू नकोस, ती हेडलाइटची आहे."

मास्तर बोलणी खायच्या तयारीत बसले. तिने बटणांचा डबा ओढला, कोटाला जुळणारं बटण निवडलं आणि सुईत दोरा ओवला.

"कपड्यांना मी दुसरी लावते," ती म्हणाली. "ती राहू देत तिथंच."